एका दिवसाच्या शिबिरानं मंडळीची आरोग्यसेवा उभी राहील का?

प्रश्न असा आला आहे: तालुक्याच्या गावातली जुनी मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांची साधारण दोनशे कुटुंबं. त्यांत चार नर्स, दोन नोकरीत आणि दोन निवृत्त. महिला मंडळातल्या दहा-बारा जणी आणि तरुण संघातली चार मुलं काम करायला तयार आहेत. चर्चच्या पंचांचं म्हणणं, एखाद्या रविवारी उपासनेनंतर डॉक्टर बोलावून दिवसभराचं शिबिर घेऊ, प्रमाणपत्रं वाटू आणि काम सुरू करू. एवढं पुरेल का? नेमकं काय शिकवायचं, आणि पुढारीपण कुणाकडे द्यायचं?

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पुरणार नाही. शिबिर घ्या, जेवण ठेवा, फोटोही काढा. प्रमाणपत्रं मात्र छापून कपाटात ठेवा आणि वर्षभरानं द्या. ही चूक मी स्वतः करून बसले आहे. पहिल्यांदा ज्या मंडळीत हे काम सुरू केलं तिथं असंच एका दिवसाचं शिबिर झालं, बत्तीस जणांनी नावं दिली. तीन महिन्यांनी गेले तर बीपीचं यंत्र पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कपाटावर धूळ खात होतं आणि वहीत सहा नोंदी होत्या, त्यांतल्या चार पाळकीणबाईंच्या. कुणी आळशी नव्हतं. पहिली अडचण आली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, म्हणून सगळे गप्प बसले.

अमेरिकेत शिकागोजवळच्या पार्क रिजमध्ये ग्रेंजर वेस्टबर्ग नावाच्या लुथरन पाळकांनी १९८५ च्या सुमारास सहा नर्स सहा मंडळ्यांत नेमल्या. तिकडे ज्याला 'पॅरिश नर्सिंग' म्हणतात त्याची सुरुवात ही. त्याआधी त्यांनी चर्चच्या इमारतीत डॉक्टर आणि समुपदेशक बसवून दवाखाने चालवून पाहिले होते. तिथं त्यांना कळलं की डॉक्टरचं बोलणं घरच्यांना आणि घरच्यांचं दुखणं डॉक्टरला नीट पोहोचवणारी व्यक्ती म्हणजे नर्स. पगाराचा भार सुरुवातीला रुग्णालय आणि मंडळी वाटून घेत, हळूहळू मंडळीचा वाटा वाढे. मला त्यांच्या गोष्टीतला सगळ्यांत उपयोगी भाग वेगळाच वाटतो: त्या सहा जणी दर आठवड्याला एकत्र बसत. त्या आठवड्यात काय अडलं ते मांडत आणि त्यातूनच पुढचं शिकत. अभ्यासक्रम नंतर छापला गेला.

आता आपल्याकडे या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. गावोगाव शिकलेल्या नर्स-दाई ठेवायच्या असा त्यांचा आधीचा बेत होता. तो जमला नाही. शहरात शिकलेल्या मुली खेड्यात रमेनात आणि गावच्या बायका त्यांच्यापाशी मोकळ्या होईनात. मग गावानंच निवडलेल्या बायका घेतल्या, त्यांतल्या पुष्कळ अक्षरशत्रू, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांचंही शिक्षण एकदाच उरकलं नाही. आठवड्यामागून आठवडा जामखेडला यायचं, गावातलं सांगायचं, नवं एखादं शिकायचं आणि परत जायचं. पार्क रिज आणि जामखेड यांच्यात सात समुद्रांचं अंतर आहे, पण आठवड्याची बैठक दोन्हीकडे सारखी. म्हणून तुमच्या पंचांना माझा पहिला सल्ला हा, की शिबिराची तारीख ठरवण्याआधी आठवड्याचा वार ठरवा. शुक्रवार संध्याकाळ, दीड तास, चहा. पाऊस असो, लग्नसराई असो, तीन जणी आल्या तरी बैठक व्हायची.

माणसं निवडताना एक काळजी घ्या. व्यासपीठावरून "कोण कोण तयार आहे?" असं विचारलं की दरवेळचेच हात वर होतात, तीच नाताळच्या कमिटीत, तीच हंगामाच्या सणात. त्यापेक्षा एका रविवारी सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगा: रात्री घरात कुणाला अचानक त्रास झाला, तर मंडळीतल्या कुणाचं दार वाजवाल? दोनशे घरांच्या चिठ्ठ्यांतून सात-आठ नावं पुन्हापुन्हा निघतील आणि त्यांतली निम्मी कुठल्याही कमिटीत नसतील. एकदा आमच्याकडे सर्वांत जास्त चिठ्ठ्या निघाल्या त्या चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंच्या नावानं. पंचांना ते जरा जड गेलं. पण त्या बाईंच्या ओट्यावर अर्धी वस्ती येऊन बसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता नर्सबद्दल. नर्सला शिकवायला काय लागतं, तिला तर सगळं येतं, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे, नर्सला जास्त वेळ लागतो. मी स्वतः सतरा वर्षं वॉर्डात काढली. वॉर्डातला आवाज घशात बसतो: "मावशी, गोळ्या का नाही घेतल्या? किती वेळा सांगायचं?" वॉर्डात रोगी आपल्या खाटेवर असतो, मंडळीत आपण त्याच्या खाटेवर बसलेलो असतो. घर त्याचं, चहा त्याचा, नियमही त्याचेच. म्हणून निवृत्त नर्सना मी पहिला गृहपाठ देते तो असा: तीन घरी जायचं आणि पहिली वीस मिनिटं एकही सल्ला द्यायचा नाही. विचारायचं, ऐकायचं, घरी येऊन लिहायचं. पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही. एका अनुभवी मेट्रननं मला सांगितलं, चौथ्या मिनिटालाच त्यांनी आजीबाईंचं लोणचं बंद केलं होतं.

दुसरा नियम त्याहून कडक आहे, आणि इथं भांडण होणार हे धरून चाला. मंडळीच्या कामात नर्सनं इंजेक्शन द्यायचं नाही, सलाईन लावायचं नाही, स्वतःच्या मनानं गोळी द्यायची नाही. आपल्याकडे थकवा आला की "सिस्टर, एक सलाईन लावून द्या ना" ही हाक ठरलेली. एकदा लावलं की ती सिस्टर गावची फुकटची कंपाउंडर होते, मग तिच्यापाशी मन मोकळं करायला कुणी येत नाही, सुई टोचून घ्यायला येतात. शिवाय नर्सिंग कौन्सिलची नोंदणी म्हणजे स्वतंत्रपणे औषधोपचार करण्याचा परवाना नव्हे. काही वाईट झालं तर ती बाई एकटी अडकते आणि पंच हात वर करतात. (वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत आणखी एक गंमत असते. तिथं 'सिस्टर' म्हटलं की लोक आधी मठातली सिस्टर समजतात. तिथं नर्सबाईंना नावानं हाक मारा.)

स्वयंसेवकांची अडचण वेगळ्या जागी आहे. त्यांच्या हाताला शिकवणं सोपं. जिभेला शिकवायला सहा महिने लागतात. आपल्या मंडळ्यांत बातमी पसरण्याचा एक अतिशय पवित्र मार्ग आहे, प्रार्थना-विनंती. "अमक्यांच्या सुनेसाठी विशेष प्रार्थना करा, जास्त काही सांगत नाही, पण रिपोर्ट चांगला नाही." मी पाहिलेल्या एका घरसभेत हे वाक्य सोमवारी बोललं गेलं आणि गुरुवारपर्यंत सुनेच्या माहेरी पोहोचलं. ते कुटुंब पुढं दोन वर्षं उपासनेला आलं नाही. बोलणारीच्या मनात खोट नव्हती, तिला खरंच प्रार्थना हवी होती.

म्हणून नियम असा: ज्याचं दुखणं त्यालाच विचारायचं, "हे प्रार्थनेत सांगू का? कुणाकुणाला? नाव घेऊन की नाव न घेता?" उत्तर वहीत लिहायचं. उत्तर मिळालं नाही तर ते 'नाही' समजायचं. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही. गुप्ततेला अपवाद फार थोडे, पण ते पहिल्याच महिन्यात पाठ करून घ्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते प्रकरण 'मंडळीतल्या मंडळीत' मिटवायला बसणारे पंच स्वतः गुन्ह्यात येतात. आणि कुणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरला कळवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो, मराठीतही बोलता येतं.

याची तालीम नाटकासारखी करून घ्या. मी पाळकसाहेबांनाच बोलावते आणि त्यांना सांगते, की बाईंना खोदून खोदून विचारा: "काय हो, काल त्यांच्याकडे गेला होतात, काय झालंय?" बाईंनी उत्तर द्यायचं, "पाळकसाहेब, ते तुम्हाला बोलावणार आहेत, तेव्हा सांगतील." पाळकांना नाही म्हणायला आपल्या बायकांची जीभ रेटत नाही. तीन-चार वेळा हसत-खिदळत केलं की जमतं. पाळकांनाही तो आरसा बरा असतो.

हाताचं काम बीपीपासून सुरू करा. सोपं दिसतं, पण दहांतल्या आठ जणी सुरुवातीला चुकीचं मोजतात. माणूस उपासनेतून उठून, जिना उतरून, गप्पा मारत खुर्चीत येऊन बसतो आणि लगेच पट्टा गुंडाळला जातो. आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबवा. लघवीला जायचं असेल तर जाऊन येऊ द्या. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नको. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यानं आकडा उगाच वर जातो. मोजताना मोजणारीनंही बोलायचं नाही. एक मिनिट सोडून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे.

आणि आकडा आला की काय बोलायचं, हे शब्दन् शब्द पाठ हवं. १४० वर ९० किंवा त्यापेक्षा जास्त आलं तर "तुम्हाला बीपी आहे" म्हणायचं नाही, "आज आकडा जास्त आहे, या आठवड्यात आणखी दोनदा मोजू आणि डॉक्टरांना दाखवू" एवढंच. १८० वर १२० च्या पुढं गेलं तर पाच मिनिटांनी परत मोजायचं. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि छातीत दुखणं, दम, बोलताना अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यांपैकी काही असेल तर परत मोजत बसू नका, थेट १०८ लावा. जिभेखाली कुणाचीही गोळी ठेवायची नाही. बीपी झरकन उतरवण्याच्या नादात लोकांना पक्षाघात झालेले आहेत.

पक्षाघातावर एक अख्खी शुक्रवारची बैठक घाला. आपल्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणतात आणि मालिश करणाऱ्याकडे नेतात, त्यात अख्खा दिवस जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी. म्हणून स्वयंसेवकांनी चेहरा वाकडा झाला का, एक हात खाली पडतो का, बोलणं अडखळतं का हे पाहायचं आणि घड्याळात बघून वेळ लिहायची. "शेवटचे नीट कधी होते?" हा प्रश्न डॉक्टर पहिला विचारतात. पाणी पाजायचं नाही, ठसका लागतो. सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथं पोहोचायला किती वेळ लागतो, हे तरुण संघाच्या मुलांनी आधीच मोटारसायकलनं जाऊन पाहून यावं.

मधुमेहाची रक्ततपासणी मात्र पहिले सहा महिने नको. टोचणीच्या सुया साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे त्या न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात जमवून रुग्णालयामार्फत द्याव्या लागतात. तशी सोय झाली की करा. पण एक गोष्ट आत्ताच शिकवा. उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आपले मधुमेही भाऊ-बहिणी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहतात आणि उपासनेत घामाघूम होऊन खाली बसतात. शेजारीण डोळे मिटून प्रार्थना करत असते. प्रार्थना चालू द्या, पण माणूस शुद्धीवर आणि गिळता येत असेल तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नको, गाडी बोलवा. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी अशा सगळ्यांना सांगायचं, की उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. हे पाळकांनी सांगितलं तर ऐकतात.

प्रार्थना आणि गोळी हा सगळ्यांत नाजूक विषय आहे आणि बहुतेक प्रशिक्षणांत तो टाळला जातो. मी टाळत नाही, कारण टाळल्याचे परिणाम मी पाहिले आहेत. फिट्सच्या गोळ्या चालू असलेला एक मुलगा आरोग्यप्राप्तीच्या सभेला गेला. सभेत बरं झाल्याची साक्ष झाली, घरी येऊन आईनं गोळ्या बंद केल्या. दहाव्या दिवशी एकामागून एक तीन झटके, आणि पंधरा दिवस अतिदक्षता विभाग. आईला कुणी "गोळ्या सोड" असं म्हटलं नव्हतं. पण "सोडू नकोस" असंही कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून स्वयंसेवकांच्या तोंडी मी एक ठरलेलं वाक्य देते: "प्रार्थना चालू, गोळी चालू. बंद करायची तर ज्यांनी लिहून दिली तेच करतील." याकोबाच्या पत्रात तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, आणि पौलानं लूकला 'प्रिय वैद्य' म्हटलं आहे, दोन्ही एकाच नव्या करारात आहे. एका पाळकसाहेबांनी तर व्यासपीठावरच खिशातून स्वतःची मधुमेहाची गोळी काढून दाखवली. माझ्या दहा बैठकांनी झालं नसतं तेवढं त्या एका रविवारी झालं.

दारूबद्दलही गप्प बसू नका. नवऱ्याच्या पिण्यानं सुकलेली बाई 'अशक्तपणा' म्हणून बीपी मोजायला येते. तिला वीस मिनिटं बसू द्या. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठीच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या आणि घरच्यांसाठीच्या अल-ॲनॉनच्या बैठका जवळ कुठं भरतात ते शोधून ठेवा.

तरुण संघाच्या मुलांना यंत्रं देऊ नका, कागद द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण माणूस रुग्णालयात पोहोचतो तेव्हा रेशनकार्ड गावी आणि आधारवरचं नाव चुकीचं असतं. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे आपल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि ज्यांना असतं त्यांना काउंटरवर कुणाला भेटायचं ते ठाऊक नसतं. या मुलांनी दोनशे घरांचे कागद एकदा तपासून, नावं दुरुस्त करून घेतली, तर तुमच्या सेवाकार्याचं ते सर्वांत मोठं काम ठरेल. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्याला थुंकी तपासायला सरकारी केंद्रात सोबत नेणं हेही त्यांना छान जमतं. गावच्या आशाताईंना पहिल्या बैठकीपासून बोलवा. त्या तुमच्या प्रतिस्पर्धी नाहीत, आणि गावातलं खरं त्यांनाच ठाऊक असतं.

शेजारची हिंदू-मुस्लिम घरंही बीपी मोजायला येतील. आनंदानं मोजा. पण त्या रांगेत पत्रिका वाटायच्या नाहीत, प्रार्थनेची अट नाही, "रविवारी या" नाही. दुखणाऱ्या माणसापुढं आपलं पारडं आधीच जड असतं, त्याचा फायदा घेऊ नये हे माझं मत. आजच्या हवेत ते शहाणपणाचंही आहे.

पुढारीपण निवृत्त नर्सपैकी एकीकडे द्या. नोकरीतल्या दोघींना देऊ नका. रात्रपाळी करून आलेली बाई शुक्रवारी बैठक घेईल आणि सहा महिन्यांत आजारी पडेल. तिच्या जोडीला चिठ्ठ्यांत जास्त नाव आलेली एक बिगर-नर्स बाई बरोबरीनं ठेवा, सही दोघींची. दोन वर्षांनी बदला. रिक्षाचं भाडं मंडळीच्या पेटीतून द्या, 'सेवा आहे' म्हणून गरीब बाईच्या कनवटीतून जाऊ देऊ नका. पंचांनी महिन्यातून एकदा वही बघावी, पण त्यात फक्त किती घरं आणि किती फेऱ्या एवढंच. नावांची वही वेगळी, कुलपात.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. वर्षभरानं द्या म्हटलं, पण मी लेखी परीक्षा घेत नाही. प्रत्येकीची वही घेऊन बसते आणि "मला माहीत नाही, विचारून सांगते" हे वाक्य किती वेळा लिहिलंय ते मोजते. जिच्या वहीत ते एकदाही नसेल तिला चहा देते आणि सांगते, आणखी तीन महिने शुक्रवारी येत राहा.